शिवण खालीच असते

शाळेतून फोन आला तेव्हा मी कचेरीच्या खिडकीत बसून एका म्हातारीचा अर्ज भरत होते. मुख्याध्यापक बोलत होते. शाळेत कार्यक्रम आहे, जुन्या विद्यार्थ्यांपैकी मी बोलायचं आहे, आणि विषयही त्यांनीच ठरवून टाकला होता: मला लिहायला शिकवणाऱ्यांचे आभार.

"पाचच मिनिटं बोला, मॅडम. पण असं बोला की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. आणि आपले जुने गुरुजी स्टेजवर राहतील, त्यांचं नाव जरूर घ्या."

मी हो म्हटलं. दिव्यांग माणसाला स्टेजवर बोलावलं की लोकांच्या डोळ्यांतलं पाणी त्यानेच घरून भरून आणायचं असतं, हे मला आता पाठ झालंय. फोन ठेवून मी अर्ज पुढे लिहू लागले. समोरची म्हातारी काचेला नाक लावून बघत होती.

"काऊन वो बाई, तू तं माह्या बाजूनं लिवून रायली!"

खरंच होतं ते. मी लिहिते ते मला उलटं दिसतं आणि समोरच्याला सुलटं. माझा हात उजवीकडून डावीकडे येतो, आणि अक्षरांच्या डोक्यावरची रेघ माझ्या पोटाच्या बाजूला, खाली असते. लिहून झालं की कागद फिरवायचा, बस. नवीन साहेब आले की पहिले दोन दिवस माझ्या मागे उभे राहून ही गंमत बघतात आणि मग कंटाळतात.

जन्मताना मी उशिरा रडले, त्याची शिक्षा हातापायांना झाली. डावा हात मुठीत मिटलेला, तो आजही तसाच आहे. उजवा उघडतो, पण बाहेर ढकलता येत नाही, छातीकडे ओढला जातो. चालणं फरपटत. बोलणं असं की ऐकणाऱ्याला घाई असली तर काही कळणार नाही, आणि घाई सगळ्यांनाच असते.

आमचं गाव बिरशीच्या विमानतळाला लागून. घरात आई, बाबा, बाबांचे मोठे भाऊ आणि त्यांची बायको, माझी मोठी माय. पुरुष दिवसभर धानाच्या बांधीत. बायका घरी राईस मिलचा बारदाना शिवायच्या. फाटकी पोती टेम्पोने येऊन आमच्या सपरीत, घरापुढच्या ओसरीत, पडायची. दोघी जावा भिंतीला टेकून दाभण आणि सुतळी घेऊन त्यांना ठिगळं लावायच्या, आणि शिवलेली पोती परत मिलमध्ये जायची. तिथे एक माणूस होता. तो एकेक पोतं सूर्याकडे धरून बघायचा. उजेडाचा एक ठिपका दिसला तरी "ये वापस ले जाओ" म्हणून पोतं फेकायचा. आमच्या घरात देवाला घाबरत नसतील इतकं त्या माणसाला घाबरत.

आई फार मायेची. मला भरवायची, पुसायची, केस विंचरायची, माशी बसली तर उडवायची. तोंड उघडणं आणि मिटणं, एवढंच काम माझ्याकडे ठेवलं होतं. सात-आठ वर्षांची झाले तरी मी चमचा कधी धरला नव्हता, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. लाज वाटायला आधी माणूस व्हावं लागतं. मी आईच्या कडेवरचं एक ओझं होते, आणि ओझ्याला कडेवर बरं वाटतं.

शाळेत गुरुजी होते. गुरुजी देवमाणूस, गावात आजही कोणी वेगळं सांगणार नाही. त्यांनी मला दाराजवळ वाऱ्याला बसवलं, खाली मऊ सतरंजी दिली. पाटी दिली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवत ते बाकीच्या पोरांना सांगायचे, "हिला कोणी त्रास द्यायचा नाही." पोरांनी त्रास दिला नाही, पण माझ्याशी बोललीही नाहीत. परीक्षेला गुरुजी माझा पेपर स्वतःच्या हाताने लिहायचे. मी तिसरीत गेले तेव्हा मला एक अक्षर काढता येत नव्हतं, आणि वर्गात माझा पाचवा नंबर होता.

रोज दुपारी आई हातातलं पोतं टाकून शाळेत यायची. मला भरवायची, बाहेर बसवून आणायची आणि परत जायची. मग राहिलेली पोती संध्याकाळपर्यंत घाईघाईने संपवायची. त्या घाईची शिवण सैल पडायची. एके दिवशी टेम्पो आला आणि आईने शिवलेली जवळजवळ सगळी पोती सपरीत ओतून निघून गेला. मिलवाल्याचा निरोप होता की पुन्हा असं झालं तर बारदाना दुसऱ्या घरी देऊ. मोठ्या मायने ती सगळी पोती उसवली आणि पुन्हा शिवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला शाळेत जाऊ दिलं नाही. शेजारून एक जुनी पाटी आणि पेन्सिल मागून आणली, पेन्सिलीभोवती पोत्याचा तुकडा गुंडाळून अंगठ्याएवढी जाड केली, माझ्या उजव्या मुठीत कोंबली आणि वरून सुतळीचे वेढे दिले. मनगटावर गाठ मारली. पोत्याच्या तोंडाला मारतात तीच गाठ.

"बाई, तिचं रगत थांबन," आई म्हणाली.

"थांबलं तं हात काळा पडन. काळा पडला का सोडतो."

हात काळा पडला नाही, जांभळा पडला. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी तिने सुतळी कापली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बांधली.

आता लिहायचं काय? दोघी जावांपैकी कोणी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. बाबांना सहीपुरतं येत होतं, पण ते घरी येईपर्यंत पाटी पुसलेली असायची. आमच्या न्हाणीला पडदा म्हणून तांदळाचं एक पोतं उकलून टांगलं होतं. त्यावर काळ्या शाईत ठसठशीत छापलेलं: आधी मोठ्या अक्षरांत चावल, मग गाव, मग वजन. घरात अक्षरं म्हणून जी काही होती ती एवढीच. मोठ्या मायने मला त्या पडद्यासमोर बसवलं, स्वतः दाभण घेऊन माझ्या पाठीमागे बसली आणि म्हणाली, "हे काढ."

पडदा उलटा टांगलेला होता.

तो चुकून टांगलेला नव्हता. मोठ्या मायने विचार करून टांगला होता. पोत्याला तोंड वर आणि शिवण खाली, हे तिला आयुष्यभराच्या कामाने शिकवलं होतं. अक्षरांना एक आडवी रेघ असते, तिला सगळी अक्षरं शिवलेली असतात. म्हणजे ती शिवणच. शिवण वर ठेवली तर आतलं सांडणार नाही का? तिच्या हिशोबाने पडदा अगदी सरळ होता, आणि आमच्या घरात तिच्या हिशोबापुढे कोणाचं चालत नसे.

शाळेच्या फळ्यावर रेघ वर असते, हे दाराशी बसूनही मी पाहिलं होतं. मी तोंड वेडंवाकडं करत कसंबसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "फळा भित्तीवर रायते, तुही पाटी जमिनीवर हाय. मी दाखवतो तसं काढ, लुले."

लुली हे माझं घरातलं नाव नव्हतं, फक्त तिने ठेवलेलं. बाकीचे बेटा म्हणायचे.

मी काढायचे, ती पाठीमागून पाटी उचलायची, उजेडाकडे धरायची, पडद्याकडे बघायची आणि थुंकी लावून पुसून टाकायची. मिलचा माणूस पोती परत करायचा तसं. पहिला महिनाभर मी जे काही काढलं ते सगळं वापस. हात थांबला की दाभणाची मागची बाजू बोटांच्या गाठींवर. भाताची थाळी समोर ठेवलेली असायची. एक ओळ झाल्याशिवाय थाळीला हात नाही, आणि हात तर बांधलेला. मग मिटलेल्या डाव्या मुठीने भात ढकलत तोंड थाळीपर्यंत न्यायचं. आई भरवायला आली की मोठी माय तिच्याकडे नुसती बघायची. आई उठून बांधीकडे जाऊन रडायची. मी पडद्यासमोर बसून रडायचे. मोठी माय पोतं शिवत राहायची.

वर आकाशात बिरशीच्या शिकाऊ पायलटांची विमानं दिवसभर घिरट्या घालत. एकदा मी पेन्सिल जमिनीवर आपटून लिहिणं बंद केलं. मोठ्या मायने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"ते इमानं पाय. थे बी शिकूनच रायले. थे पडले तं मरतीन. तू पडली तं काय होते? पाटी पुसाची अन् पुन्हा काढाची."

त्या वेळी मला वाटलं, त्यातलं एखादं विमान हिच्यावर पडावं. अगदी मनापासून वाटलं. रोज देवाला हात जोडताना मी तेवढंच मागायचे.

एकदा आईने सुतळी कापली. मोठी माय नदीवर गेली होती. आईने विळीवर गाठ ठेवून कापली, माझ्या मनगटावर खोबरेल चोळलं, हातावर डोकं ठेवून रडली. मोठी माय परत आली, तिने ते पाहिलं आणि आईला म्हणाली, "तू मेल्यावर इचा हात कोन धरन? सांग. नाव सांग त्या मानसाचं."

मोठ्या मायने नवी सुतळी तोडली आणि या वेळी गाठ आईलाच मारायला लावली. आईच्या हातची ती गाठ मला सगळ्यात जास्त बोचली.

धान कापणीला आलं तोवर मला चावल काढता येऊ लागलं होतं. पडद्यावरचं गाव आणि वजनही. मोठी माय पाटी उजेडाकडे धरायची आणि कधीकधी न पुसता खाली ठेवायची. कौतुक म्हणून तिच्याकडून जे मिळालं ते एवढंच.

मग इतक्या महिन्यांनी मी शाळेत गेले, सुतळी बांधूनच. पाटीवर चावल लिहिलं. गुरुजी माझ्यासमोर उभे होते, त्यांना ते सुलटं दिसलं. "अरे वा! वाचा रे पोरांनो!" म्हणत ते कौतुकाने माझ्या बाजूला आले. आणि हसले. गुरुजी दुष्ट नव्हते, त्यांना हसू आलं, बस. पण गुरुजी हसले म्हटल्यावर तीस पोरांना परवाना मिळाला. एकेक पोर माझ्या मागे येऊन बघून गेलं. शेजारच्या वर्गातून बाईंनाही बोलावून आणलं. मी तोपर्यंत कोणाच्या नजरेत नव्हते, त्या दिवसापासून आले, आणि पुढे शाळा सोडेपर्यंत पोरं मला बघून पाटी उलटी धरत.

हसून झाल्यावर गुरुजींनी माझं मनगट पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्यापुढे बसून हळूहळू गाठ सोडली, "कोणी केलं हे? राक्षस आहेत का घरात?" असं म्हणाले. पेन्सिल कचऱ्याच्या डब्यात टाकली. "तू काही लिहू नको, बेटा. मी आहे ना. मी लिहून देतो."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. हात हलका झाला होता. त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर मी गुरुजींच्या पायावर डोकं ठेवून जन्मभर न लिहिण्याची शपथ घेतली असती.

घरी मोठ्या मायने रिकामा हात पाहिला आणि कानाखाली मारली. मग झालं ते मी सांगितलं. अक्षरं उलटी आहेत, सगळी शाळा हसली, गुरुजींनी सोडवलं. आई तोंडाला पदर लावून बसली. मोठी माय उठून पडद्यासमोर गेली. तिने रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हिला आपली चूक कळली, आता ही सुटका करेल. तिला चूक कळली नाही, किंवा कळली आणि तिने ती गिळली. परत येऊन बसत ती म्हणाली, "मंग पाटी उलटव ना. हात कायले उलटवतं?"

सगळ्या जिल्ह्यात पुढे मला तपासणाऱ्या डॉक्टरांनी, शिबिरवाल्यांनी, विशेष शिक्षिकांनी मिळून मला याहून कामाची गोष्ट सांगितलेली नाही. माझा हात बाहेर जात नाही, आत ओढला जातो. डावीकडून उजवीकडे मी सात जन्मांत लिहू शकले नसते. ते तिला ठाऊक नव्हतं. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की काम झालंय, आणि झालेलं काम कोणाच्या हसण्यापायी उसवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने गाठ मारलीच नाही. पेन्सिल मुठीत देऊन वरून पोत्याची पट्टी गुंडाळली आणि दाभणाने शिवून टाकली. दाभण एकदा कातडीत गेलं. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "आता सोडव म्हना त्या देवमानसाले."

गुरुजींना ती शिवण सोडवता आली नाही. मी माझ्या पद्धतीने लिहिलं, आणि ते माझ्या बाजूला आले तेव्हा पाटी फिरवून त्यांच्यापुढे धरली.

दहावीला पुन्हा एकदा माया आडवी आली. शाळेने माझ्यासाठी लेखनिक दिली, नववीतली एक गोड मुलगी. पहिल्या पेपरला मी सांगत गेले, तिला माझं बोलणं कळेना, आणि विचारायचा संकोच वाटून तिने मनाने लिहिलं. त्या पेपरात मी नापास झाले. बाकीचे सगळे मी जास्तीचा वेळ मागून घेऊन माझ्या हाताने लिहिले, आणि पास झाले. नापास झालेला पेपरही नंतर माझ्याच हाताने सोडवला. त्या निकालावर पुढची परीक्षा, त्यावर ही नोकरी. आज माझं भाकरीपाणी माझ्या हातावर आहे.

तर आभार. गेल्या रविवारी मी भाषण लिहायला म्हणून घरीच गेले. मोठ्या मायला लकवा होऊन वर्ष होत आलंय. उजवी बाजू गेली. बोलते, तेही जड. खाटेवर तक्क्याला टेकून बसली होती आणि माझी म्हातारी आई तिला भात भरवत होती. एकेक घास फुंकून. पुसून. मला जसं भरवायची तसंच. मोठी माय तोंड उघडत होती आणि मिटत होती. मी दारात उभी राहून हे बघितलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? हातावर सुतळीचा पांढरा वण आहे, त्याला बरं वाटलं म्हणा.

आई भांडी घेऊन आत गेल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. तू हे सगळं माझ्यासाठी का केलंस?

माझं बोलणं तिला नेहमीच कळायचं.

"तुह्यासाठी?" ती म्हणाली. "तुह्यासाठी कायले करू? तुही माय दिवसभर तुह्या मागं. पोते मी एकटीच शिवत होती. बारदाना जात होता हातातून. मले तुह्या मायचे हात मोकळे पायजे होते."

"आणि मी शिकेन असं वाटलं होतं?"

"नाई," ती म्हणाली. "आठ दिवसांत रडून गप बसशीन अन् मायले सोडशीन, असं वाटलं. तू गप बसलीच नाई."

आत आई भांडी घासत होती. मी काय ऐकायला आले होते आणि काय ऐकलं. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, मुख्याध्यापकांना चाललं असतं. राग आला, आणि रागाने मी तिथेच खाटेच्या कडेवर कागद ठेवून भाषण लिहून काढलं. पूज्य गुरुजी. मायेचा हात. आईचं वात्सल्य. शाळेने दिलेला आधार. कुठेही अडलं नाही. मोठ्या मायबद्दल एक ओळ, घरच्यांनीही साथ दिली. घे.

लहानपणी ती नेहमी माझ्या पाठीमागे बसायची. त्या दिवशी पहिल्यांदा समोर होती. मी लिहीत होते आणि तिला ते सुलटं, रेघ वर असलेलं दिसत होतं. मी हात थांबवला तेव्हा ती कागदाकडे बघून वैतागली होती.

"हे काय करून ठेवलं? शिवण वरतं केली." तिने डाव्या हाताने खूण केली. "उलटव. सारं सांडून जाईन."

मी कागद फिरवला. तिच्या बाजूने तो आता उलटा झाला, म्हणजे तिच्या हिशोबाने सरळ, आणि माझ्या बाजूने सुलटा. तिने कागद डाव्या हाताने उचलला, दाराच्या उजेडाकडे धरला आणि डोळे बारीक करून बघितलं. मग माझ्यापुढे टाकला.

"सैल हाय," ती म्हणाली. "पुन्हा काढ."

तिला एक अक्षर वाचता येत नाही. मी कागद उचलून पहिल्यापासून वाचला, आणि फाडला. नवा कागद घेतला, तिच्या शेजारी सरकले, आणि शिवण दोघींच्याही पोटाकडे ठेवून पहिली ओळ लिहिली: माझ्या मोठ्या मायने माझा हात पोत्यासारखा शिवला.

ती ओळ होईपर्यंत ती कागदावर नजर ठेवून होती. मग तक्क्यावर मान टेकून तिने डोळे मिटले, आणि मी पुढे लिहू लागले.